आरएक्स-७ की सुप्रा? तुम्ही विचारलंत म्हणून

दादाकडे १९९४ची टोयोटा सुप्रा टर्बो आहे आणि माझ्याकडे १९९३ची माझदा आरएक्स-७, हे कळलं की प्रश्न ठरलेला असतो. "मग खरं सांग, दोन्हीत चांगली कोणती?" मी तोंड उघडायच्या आत दुसरा येतो. "तुझ्या गाडीचं इंजिन टिकत नाही म्हणतात, खरंय का?" आजवर याला मी मनात येईल तसं उत्तर दिलं आहे. कधी आकडे ऐकवले, कधी विषय बदलला, एकदा तर चारचौघांत दादाशी कडाक्याचं भांडले. आता नीट लिहून काढते, म्हणजे पुन्हा कोणी विचारलं तर हेच वाचायला देईन.

शून्य ते शंभरचे आकडे तुम्हाला पाठ आहेत, ते सोडून देऊ. त्या दशकातल्या छापील ताकदीवर तर माझा विश्वासच नाही. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की २८० हॉर्सपॉवरच्या वरचा आकडा जाहीर करायचा नाही. म्हणून सुप्रा घरच्या बाजारात २८०ची, आणि तीच अमेरिकेत ३२०ची. निस्सानची स्कायलाइन जीटी-आरसुद्धा कागदावर २८०चीच, पण तिच्या आर-३२ मॉडेलने १९९० ते १९९३ या चार वर्षांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतल्या २९च्या २९ शर्यती जिंकल्या. कागदावर तिघी शेजारी शेजारी ठेवून काय कळणार?

कळतं ते वजनावरून. माझी गाडी साधारण तेराशे किलोची, दादाची पंधराशेच्या वर. दोनशे किलोंहून जास्त फरक, म्हणजे तीन धडधाकट माणसं कायम गाडीत बसवून फिरल्यासारखं. तो फरक इंजिनापासून सुरू होतो. सुप्राचं टू-जेझेड हे तीन लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत, जाड बिडाचा ब्लॉक, क्रँकला सात मेन बेअरिंग, पिस्टनच्या पोटावर खालून तेलाचे फवारे. माझं १३-बी अवघं १३०८ सीसीचं. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, गोल फिरणारे दोन तिकोनी रोटर फक्त, म्हणून याला रोटरी इंजिन म्हणतात. ते इतकं आटोपशीर आहे की पुढच्या चाकांच्या मागे आणि खाली बसतं, आणि म्हणून गाडीचं वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं निम्मं पडतं. वळणावर स्टिअरिंग नुसतं मनात आणलं तरी नाक वळतं. सुप्रा तसं वळत नाही. ती रस्ता दाबून ठेवते आणि सरळ रस्ता मिळाला की निघून जाते. दादाची गाडी मी भरपूर चालवली आहे, उगाच म्हणत नाही.

आता टिकण्याचं. रोटरी इंजिनात भडका कायम एकाच बाजूला उडतो आणि थंड हवा कायम दुसऱ्या बाजूने आत येते. एक कड सतत तापलेली, दुसरी त्या मानाने गार. त्यातून इंजिन म्हणजे अॅल्युमिनियम आणि बीड यांचे आलटून पालटून थर, लांब बोल्टांनी एकत्र आवळलेले. हे दोन धातू सारखे फुगत नाहीत. थरांच्या मधून पाणी खेळतं आणि ते अडवायला असतात रबराच्या बारीक गोल रिंगा. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की त्या रिंगा चेपतात, करपतात. एकदा चेपलेली रिंग पुन्हा फुगत नाही.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. म्हणून तर मी म्हणायचे, "ज्यांना सांभाळता येत नाही, त्यांच्याच आरएक्स-७ बसतात." एका माणसाचं इंजिन नुकतंच गेलं होतं, त्याच्या तोंडावर मी हे बोलले आहे. वर ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीचा दाखलाही दिला होता. १९९१ साली माझदाची ७८७-बी चोवीस तास पळून पहिली आली, चार रोटरचं इंजिन, मग रोटरी टिकत नाही कशी? तो बिचारा गप्प बसला. तेव्हाची मी आज समोर आली तर तिला विचारीन, ते इंजिन विनाटर्बोचं होतं, म्हणजे धुराच्या जोरावर जादा हवा आत कोंबणारा पंखा त्याला नव्हता, हे का नाही सांगितलंस? तुझ्या इंजिनाला दोन टर्बो चिकटवलेत, त्यांची उष्णता कुठे जाते? आणि ते चोवीस तासांसाठी बांधलं होतं. तुझं पंचवीस वर्षं झालेलं आहे.

सात वर्षांपूर्वी आम्ही दोघं आपापल्या गाड्या घेऊन निघालो होतो. चढाचा, वळणावळणाचा रस्ता, पहाटेची वेळ, समोरून कोणी नाही. दादा पुढे. नेहमी असं व्हायचं की सरळ रस्त्यावर तो लांब जायचा आणि वळणांत मी अंतर भरून काढायची, पण पूर्ण कधीच नाही. त्या दिवशी टायर नवे होते, हात बसला होता. इंजिनाच्या मिनिटाला साडेचार हजार फेऱ्या झाल्या की दुसरा टर्बो लागतो, तो नेमका वळणाच्या तोंडावर लागेल असं गिअरचं गणित जमत होतं. सुप्राचे मागचे गोल दिवे दर वळणाला थोडे मोठे होत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला गाठत होते.

तेव्हा वास आला. गोडसर, गरम. जुन्या गाड्यांत वावरलेल्या माणसाला तो ओळखू येतोच. कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी. मी काट्याकडे बघितलं, काटा मध्यावर. इथे मी स्वतःला फसवलं. या गाडीचा तापमानाचा काटा मुळात तसाच बनवलेला आहे, बराच वेळ मध्यावरच बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. हे मीच दहा जणांना शिकवलं होतं. कुठून गळत असेल तेही मला ठाऊक होतं. इंजिनावर कूलंटमधली हवा वेगळी करणारी एक छोटी प्लास्टिकची टाकी असते. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन तिचा रंग विटला होता आणि शिवणीवर केसाएवढी पांढुरकी रेघ दिसायला लागली होती. तिच्या जागी लावायची अॅल्युमिनियमची टाकी पाच महिने घरी खोक्यात पडून होती. तासाभराचं काम. या फेरीनंतर करू, पुढच्या फेरीनंतर करू, असं चाललं होतं.

गाडी बाजूला घेणं एवढंच करायचं होतं. पण पुढचे दिवे मोठे होत होते. आणखी एक वळण, मग आणखी एक. मग बझर वाजला, कूलंट कमी झाल्याचा. तरी मी लगेच थांबले नाही, सपाट जागा बघत राहिले. काटा उठला तो एका दमात वर. थांबले तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती.

दादा पाच मिनिटांनी परत आला. बॉनेट उघडायची घाई केली नाही, नुसता हात लांब धरून उभा राहिला. मग म्हणाला, "वास नव्हता आला?"

मी म्हटलं, "नाही. एकदम फुटली टाकी."

गाडी टो करून आणली. गार झाल्यावर सुरू केली तर मागून पांढरा धूर, आणि त्यालाही तोच गोड वास. इंजिन उतरवून उघडलं तेव्हा मी तिथेच होते. रोटरच्या टोकांवर बसणाऱ्या ज्या एपेक्स सीलची सगळे भीती घालतात त्या सहाही पट्ट्या शाबूत होत्या. मी एक हातात घेतली. आठ सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड, वापराने एका कडेला गुळगुळीत. गेली होती ती पाण्याची रिंग, मागच्या रोटरच्या बाजूची. गोल असायला हवी ती फितीसारखी चपटी झाली होती आणि एका ठिकाणी बोटभर तुकडाच नव्हता. मेकॅनिकने विचारलं, "ताई, तापलेली किती वेळ चालवली?" मी म्हटलं, दोन मिनिटं. त्याने रिंग उजेडात धरली, मग खाली ठेवली आणि पुढचा थर सोडवायला घेतला. वास आल्यापासून थांबेपर्यंत बारा मिनिटं तरी गेली होती.

त्यानंतर मी एक सिद्धांत बनवला. हलकेपणा आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. सुप्रा टिकते कारण ती जड आहे, माझी नाजूक आहे कारण ती हलकी आहे, तेव्हा तुलनाच करू नका. बरीच वर्षं मी हे सांगत होते आणि लोकांना ते पटायचंही. पण होंडाची एनएसएक्स त्यात बसत नाही. सगळी बॉडी अॅल्युमिनियमची, कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे, इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत जाणारं, वजन माझ्या गाडीपेक्षा थोडंच जास्त, आणि तरी रोज सकाळी चावी फिरवली की चालू. तिला टर्बो नाही, असं मी लगेच म्हणते. मग दादा म्हणतो, "म्हणजे दोष रोटरीचा नाही, टर्बोचा? मग माझ्या गाडीला दोन आहेत की." इथे मी अडकते, अजून सुटलेले नाही.

शिवाय टिकणं म्हणजे काय, हे तरी कुठे ठरलंय? त्याच काळातल्या फेरारी ३४८चा टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. ते काम करणारे ती गाडी टिकली असंच म्हणतात. मीही तेलाची पातळी दर टाकीला बघते, कारण रोटरी इंजिन थोडं तेल जाळतंच, ते बनवलंच तसं आहे. दादा महिनोन्‌महिने बॉनेट उघडत नाही. त्याच चढावर, त्याच दिवशी, त्याची गाडी तितकीच जोरात चालली होती आणि तिला काही झालं नाही. हे मला नाकारता येत नाही. पण पाच महिने खोकं न उघडता तो राहिला नसता, हेही मला नाकारता येत नाही. त्याने ती टाकी पहिल्याच रविवारी बसवली असती.

इंजिन पुन्हा बांधलं. अॅल्युमिनियमची टाकी बसली, डॅशवर अंशांत तापमान दाखवणारं मीटर लावलं. तुम्ही विचारता म्हणून सांगते, घ्यायची असेल तर सुप्रा घ्या. मी मात्र माझी विकणार नाही, आणि या दोन वाक्यांचा मेळ कसा घालायचा ते मला विचारू नका.

ती चपटी रिंग माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मागे एकदा दादाने उचलून विचारलं होतं, हे काय, आणि मी म्हटलं, जुनं सील आहे कुठलं तरी. दादा, तू हे वाचशीलच. वास आला होता. तू पुढे दिसत होतास म्हणून थांबले नाही.