२८ची चक्री उतरवली, ३२ची चढवली: पन्हाळा चढाची नोंद

कोल्हापुरात पाऊस उघडला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती, हे आता कुणी विचारत नाही (इशारा ३९ फूट, धोका ४३, जुलै-ऑगस्टात ट्रेनिंगचं वेळापत्रक हेच आकडे ठरवतात). रविवारची पन्हाळा राइड परत सुरू.

शहर साधारण ५५० मीटरवर, गड ९५०च्या वर. म्हणजे वीसेक किलोमीटरात चारशे मीटर चढ, आणि तो बहुतेक सगळा शेवटी. शिवाजी पूल ओलांडला की केर्लीपर्यंत सपाटी. तिथंच ग्रुप एकमेकांच्या चाकामागं तिशीच्या वेगानं सुटतो आणि वाघबीळनंतर एकेक जण गळतो. सपाटीवर बोलता येईल इतकाच जोर लावायचा, हा पहिला उपाय. दुसरा गिअरचा.

पुढं ३४ दात, मागं २८, टायर ७०० बाय २५, चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.५५ मीटर सरकते. ताशी ८ किलोमीटरला मिनिटाला ५२ फेरे होतात. म्हणजे दर फेऱ्याला गुडघ्यावर दाब. मागं ३२ दात असले तर त्याच वेगाला ६० फेरे. फरक आठच फेऱ्यांचा, पण वर पोचल्यावर तो गुडघ्याला विचारा.

नुसती कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) बदलून भागत नाही. आखूड पिंजऱ्याचा मागचा डिरेलर (साखळी एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग; त्याचा खाली लोंबणारा हात म्हणजे पिंजरा) बरेचदा २८-३०च्या पुढं घेत नाही, मध्यम पिंजरा लागतो. साखळीही साधारण दोन कड्यांनी वाढवावी लागते. स्टँडवर सायकल चढवून पुढं-मागं दोन्हीकडं मोठी चक्री टाका आणि हातानं पायडल हळू फिरवा. साखळी आखूड असेल तर डिरेलर पुढं ताणला जातो. हे चढावर कळलं तर डिरेलरला फ्रेमशी धरणारा हँगरच वाकतो. डिरेलरची वरची छोटी चक्री मागच्या मोठ्या चक्रीच्या दातांना घासून खरखर करत असेल तर बी-स्क्रू (हे अंतर ठरवणारा डिरेलरचा स्क्रू) आवळून पाच-सहा मिलिमीटर फट ठेवा.

बुधवारी ब्रिक, म्हणजे सायकलीला लागून धाव: ४० मिनिटं सायकल, बूट बदलून पाच मिनिटांच्या आत रंकाळ्यावर १५ मिनिटं धाव. सुरुवातीला पाय शिशाचे वाटतात आणि पाऊल उगाच लांब पडतं. पाऊल आखूड ठेवा, पहिला किलोमीटर नेहमीपेक्षा अर्धा मिनिट सावकाश. दिशा दर वेळी बदला. कडेला उतरत्या रस्त्यावर एकाच बाजूनं धावलं की गुडघ्याची बाहेरची बाजू धरते.

दीड तासाच्या वरच्या राइडला तासाला ३०-४० ग्रॅम कर्बोदकं पुरतात: एक केळ आणि सुपारीएवढे गुळाचे दोन खडे. शेंगदाण्याचा लाडू उतरल्यावर. चढावर तो पोटातच बसून राहतो. आदल्या रात्रीच्या तांबड्या-पांढऱ्याबद्दल न बोललेलं बरं.

आता गळीत हंगाम. उसाच्या ट्रॉलीला डावीकडून कधी घुसू नका. मागची ट्रॉली झोकांडी खाते आणि ऊस बाहेर लोंबतो. रिम ब्रेक असेल तर उतरल्यावर पॅड काढून बघा: लाल मातीचे खडे रुतलेले असतात, टोकदार सुईनं उपसा. नाहीतर रिमवर चर पडतात.