वारा सरला का?

अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर डॉक्टर रोज सकाळी येऊन एकच विचारायचे, "वारा सरला का?" मला हसू यायचं, आणि हसलं की टाके ओढायचे. पोट उघडलं की आतडी काही काळ रुसून बसतात, त्यांची हालचाल मंदावते, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टेथोस्कोप बेंबीजवळ टेकवून माझ्याच कानाला लावला. बुडबुड, मग शांतता, मग एक लांबलचक गुर्रर्र.

लोक या गुरगुरीला भूक म्हणतात. मी झाडलोट म्हणते. पोट रिकामं असलं की साधारण दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट जठरापासून निघते आणि सुमारे ६ मीटर लांब लहान आतड्यातून उरलंसुरलं पुढे ढकलत नेते. मध्येच काही तोंडात टाकलं की झाडू थांबतो. (माझा बहुतेक वेळा थांबलेलाच असतो.)

आतून हे आतडं मखमलीसारखं असतं. एकेक लव जेमतेम मिलिमीटरभर, पण अन्नरस शोषून रक्तात पोचवते तीच. तिच्यावरच्या पेशी ३ ते ५ दिवसांत झडून नव्या येतात, म्हणजे माझं अस्तर दर आठवड्याला कोरं! पुढचं मोठं आतडं दीडेक मीटरचं, मुख्यतः पाणी आणि क्षार शोषणारं.

तिसऱ्या दिवशी पहाटे वारा सरला. मी बेल वाजवून नर्सना उठवून सांगितलं.