कचराळीची पाचवी फेरी

ठाण्यातल्या कचराळी तलावाला आम्ही सकाळी पाच फेऱ्या मारतो. पहिल्या दोन गुडघे आणि साखर यांत जातात. तिसरीत महापालिका येते, कारण तिची इमारत शेजारीच उभी आहे आणि डोळे मिटून चालता येत नाही. सिनेमाची पाळी सहसा चौथ्या फेरीत. त्या दिवशी मात्र वहिनींनी तो पहिल्याच फेरीत काढला.

"मला विचाराल तर 'शोले' उगाच डोक्यावर चढवून ठेवलाय," त्या म्हणाल्या. वेग जराही कमी न करता.

काका थांबले. काका बुटाची नाडी सुटली तरी थांबत नाहीत. १९७५ साली हा माणूस दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचा आणि मिनर्व्हात 'शोले' बघून शेवटच्या गाडीनं ठाण्याला परत यायचा. एकदा नाही, सहा वेळा.

"वहिनी, हे तुम्ही बोलताय?"

"मीच."

"अहो, मिनर्व्हात पाच वर्षं चालला तो!"

"आमच्या सोसायटीतलं पार्किंगचं भांडण बावीस वर्षं चाललंय. चालण्याचं काय घेऊन बसलात?"

मग वहिनींनी हुकमाचं पान टाकलं. एवढा थोर सिनेमा, तर फिल्मफेअर किती मिळाले? एक! काकांचा चेहरा उजळला. "एकच, पण कोणाला ते सांगा ना. संकलनाचं. एम. एस. शिंदे! आपला माणूस!" मागून चालणारे नाना म्हणाले, "बाकी बरीच 'दीवार'नं नेली." आता 'दीवार'ही सलीम-जावेद यांनीच लिहिलेला. त्यामुळे रागवायचं कोणावर हे काकांना ठरवता येईना, आणि अर्धी फेरी शांततेत गेली.

त्याच वर्षी 'जय संतोषी माँ' आला होता. वहिनींच्या आई तो बघायला गेल्या, तेव्हा थिएटराच्या दाराशी चपलांचा ढीग होता. लोक देवळात जावं तसे अनवाणी आत जायचे, पडद्यावर नाणी उधळायचे. आईंनीही चपला काढल्या. बाहेर आल्या तर नवी कोरी कोल्हापुरी गायब. पण सिनेमाला त्यांनी शेवटपर्यंत बोल लावला नाही. "भक्तीत जायचीच," एवढंच म्हणाल्या. हे ऐकून काकाही हसले.

सगळ्यात वाईट सिनेमा कुठला यावर आमच्यात कधी खरं भांडण होत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. वाईट सिनेमा लोक मिटक्या मारत सांगतात. नानांच्या मुलाच्या हॉस्टेलात कांती शाहांचा 'गुंडा' दर सेमिस्टरला एकदा बघायचा रिवाज होता. १९९८ चा सिनेमा. त्यातली माणसं यमकं जुळवत स्वतःची ओळख करून देतात. ती पोरं आज देशोदेशी पांगली आहेत, आणि फोनवर अजून एकमेकांना त्याच यमकांत हाक मारतात. एवढं भलं किती चांगल्या सिनेमांनी केलं असेल? (मॉलमधल्या सिनेमाचं वेगळं. चौघांची तिकिटं आणि दोन बादल्या पॉपकॉर्न एवढे पैसे गेले की सिनेमा बरा होता असंच म्हणावं लागतं.)

पंचाईत होते ती नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा अशा सिनेमांची. नानांचा 'मेरा नाम जोकर' तसा. चार तासांहून लांब, दोन मध्यंतरं. आला तेव्हा साफ पडला, आणि पुढे थोर ठरला. नाना म्हणतात, "पडला होता तेव्हा मी म्हणत होतो की वाईट आहे, तर सगळे म्हणायचे, खरंय. मी आजही तेच म्हणतो, तर आता म्हणतात, तुला कळत नाही. सिनेमा तोच, मी तोच!" नानांच्या आवाजात चिडण्यापेक्षा एकटेपण जास्त होतं. वाईट सिनेमाला शिव्या घालायला शेजारी मिळतो. गाजलेला आवडला नाही, तर तक्रार सिनेमाबद्दल उरतच नाही, ती शेजाऱ्याबद्दल होते. तो मनापासून हसतोय, रडतोय, आणि आपण बाजूला कोरडे ठणठणीत बसलोय.

हे मी अनुभवावरून सांगतो. माझा 'शोले' म्हणजे 'अशी ही बनवाबनवी'.

लिहितानाही आजूबाजूला कोणी नाही ना हे पाहून घेतलं. १९८८ पासून मी हे पोटात ठेवलंय. टीव्हीवर तो लागला की आमच्या घरी अशोक सराफांच्या आधी माझी बायको बोलते, लक्ष्मीकांत बेर्ड्यांच्या आधी मुलगी. मीही हसतो. कुठं हसायचं ते इतकं पाठ झालंय की परीक्षेत नापास होणार नाही. सिनेमा चांगला आहे, बेतलाय झकास, हे कळतं. हसू मात्र येत नाही. माझ्याकडे एक हत्यारही आहे: मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली, १९६६ चा. पण ते कधी उपसलं नाही. कारण तोही मी पाहिलेला नाही.

पाचव्या फेरीत मी बोलून टाकलं. वहिनींनी 'शोले'वर हात टाकला होता, नानांनी राज कपूरवर. म्हटलं, आज मोकळं वातावरण आहे.

कोणी काही बोललं नाही. तलावातलं कारंजं तेवढं वाजत होतं. मग वहिनी, ज्यांनी तासाभरापूर्वी गब्बरसिंगाला मोडीत काढलं होतं, हळूच म्हणाल्या, "घरी माहीत आहे का हे?"

"नाही."

"मग सांगूही नका."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजारी माणसाच्या ठेवतात तसा.

बाहेर आल्यावर नेहमीच्या टपरीवर चहा घेतला. आता एक फेरी उगाच जास्त झाल्यासारखे सगळे गप्प. शेवटी मीच पाकीट काढलं आणि किती झाले विचारलं. पाच कटिंग, दोन बिस्किटपुडे. चहावाल्यानं मनाशी हिशेब केला.

"सत्तर रुपये."

वहिनी, काका आणि नाना यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि तिघांच्या तोंडून 'बनवाबनवी'तला पुढचा शब्द एकदम बाहेर पडला. नाना तर बाकाला धरून हसत होते. चहावालाही हसला. तो जेमतेम बावीस वर्षांचा असेल.

मी शंभराची नोट धरून उभा होतो. सुटे तीस परत यायचे होते.