शून्यावर न थांबणारं चक्र

दशकाचं चक्र शून्यावर थांबेना. शतक, सहस्र आणि दशसहस्र ही तीन चक्रं खट् खट् करत शहाण्या मुलांसारखी शून्यावर येऊन बसायची. हे मात्र आठ, नऊ, शून्य, एक, दोन करत पुढेच. सगळी चक्रं शून्यावर आल्याशिवाय नवा डाव सुरू करायचा नाही, एवढं एकच आतल्या मोटरला ठाऊक, त्यामुळे तीही घरघरत राहायची. शेवटी मी प्लग काढायची. पाच मिनिटांनी पुन्हा लावायची, जणू तेवढ्यात त्याला उपरती होणार होती.

हे यंत्र म्हणजे पिनबॉल, उतरत्या फळीवर पोलादी चेंडू टोलवत गुण मिळवायचा खेळ. ती चक्रं म्हणजे गुणांचे आकडे. 1970 ते 75 च्या दरम्यानचं, एका खेळाडूचं. ते घरात आलं तेव्हा पाय वेगळे, डोकं वेगळं, धड वेगळं असं होतं आणि सगळं मिळून वजन शंभर किलोच्या आसपास.

"चालतं का?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही."

"मग आणलंस कशाला?"

"चालत नाही म्हणूनच तर आणलं."

त्यावर तो काही बोलला नाही. पुढे दोन महिने त्याची कपाटाकडे जायची वाट बंद झाली, तेव्हा मात्र बोलला.

ह्या पिढीच्या पिनबॉलमध्ये एकही चिप नसते. मायक्रोप्रोसेसरवर चालणारी यंत्रं 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. त्याआधीची सगळी अक्कल म्हणजे रिले (विजेनं चालणारे स्विच), कॉइल (तारेची वेटोळी), पितळी पट्ट्या आणि शेकड्यांनी स्विच. हे स्विच आपल्या भिंतीवरच्या बटणांसारखे नसतात. दोन पातळ पत्त्या आणि त्यांच्या टोकांना एकेक ठिपका. ठिपके टेकले की वीज गेली, सुटले की थांबली. यंत्राची स्मरणशक्तीसुद्धा अशीच, हाताला लागणारी. गुण किती झाले हे कुठे 'साठवलेलं' नसतं. चक्र जिथे थांबलं असेल तिथे थांबलेलं असतं, बस्स. वीज गेली तरी ते तिथेच.

म्हणूनच ते माझ्याकडे आलं तेव्हा काचेमागे 42,730 दिसत होते. कुणाचा तरी डाव, कधीतरी संपलेला किंवा अर्धवट टाकलेला. (त्यातलं शेवटचं शून्य नुसतं रंगवलेलं असतं, ते कधी फिरतच नाही. दहापटीनं औदार्य दाखवायची ही युक्ती मला फार आवडते.) त्या आकड्याचा मी फोटो काढून ठेवला आणि मगच पहिल्यांदा वीज जोडली. चार, दोन, सात पुसले गेले. तीन पुसला जाईना.

खरं तर मी सुरुवात केली ती साफसफाईपासून, कारण तिथे आपल्याला काही येत नसलं तरी चालतं, असा माझा समज होता. खेळाच्या फळीवरचे रबराचे कडे ओढले की तुटत होते. फळीवर काळपट थर होता, रबराच्या आणि धातूच्या भुकटीचा. मेलामाइनचा स्पंज आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन घासलं की तो थर निघतो आणि खालचे लाल-पिवळे रंग एकदम डोळे उघडतात. दोन हात जास्त घासलं की तेही निघतात. फ्लिपरच्या, म्हणजे चेंडू टोलवणाऱ्या हातांच्या, समोरचा रंग तर आधीच उडून उघडं लाकूड दिसत होतं. तिथून चेंडू हजारो वेळा गेलेला. तो भाग पुन्हा रंगवावा, असं जाणकार सांगतात. मी नाही रंगवला. त्याच्यावर मेण चोळलं आणि सोडून दिलं. आपल्या आधी इथे कुणीतरी भरपूर खेळलंय, हे दिसू दे की.

डोक्यावरच्या चित्राच्या काचेनं मात्र धडा शिकवला. ते चित्र काचेच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं आणि आतल्या दिव्यांच्या उष्णतेनं वर्षानुवर्षं तापून त्याचा रंग पापुद्र्यासारखा सुटत जातो. हे मला नंतर कळलं. आधी मी ओलं फडकं घेतलं. एकच हात फिरवला आणि कोपऱ्यातला निळा तारा अख्खाच्या अख्खा फडक्यावर आला. ते फडकं अजून ठेवलंय. आता तिथून पांढरा उजेड येतो, म्हणजे आकाशात तारा आहेच, फक्त निळा नाही. त्या दिवशी सगळे 44 नंबरचे दिवे काढून 47 नंबरचे लावले. दोन्ही 6.3 व्होल्टचेच, पण 47 कमी वीज खातो आणि कमी तापतो. उरलेले तारे तरी वाचतील.

फ्लिपर हा ह्या सगळ्यातला सगळ्यात सुंदर भाग. बटण दाबलं की तो फटकारतो आणि दाबून धरलं की वर उभा राहतो. ह्या दोन कामांसाठी एकाच कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात. जाड तारेचा वेढा जोर लावतो, पण तो क्षणभरच चालू ठेवायचा असतो. फ्लिपर वर पोचला की त्याचाच दांडा एका स्विचच्या पत्त्या उघडतो, मग बारीक तारेचा वेढा मध्ये येतो आणि थोड्याशा विजेवर त्याला धरून ठेवतो. ती पत्ती उघडली नाही, तर दाबून धरलेलं बटण म्हणजे जळणारी कॉइल. माझ्या यंत्राची डावी कॉइल अशीच जळून काळी पडली होती, वेष्टनावरचे आकडे वाचता येईनात. नवी घातली, नळकांडं बदललं, पत्तीची फट जुळवली. पहिल्यांदा फ्लिपर उडाला तेव्हा माझं बोट अर्ध्या इंचावर होतं. 27 मिलिमीटरचा, 80 ग्रॅमचा पोलादी चेंडू वरपर्यंत भिरकवायला किती जोर लागतो, ते बोटाला जवळून कळलं.

गंमत म्हणजे पिनबॉल बराच काळ ह्या फ्लिपरवाचूनच होता. फ्रेंच दरबारात खेळल्या जाणाऱ्या बॅगाटेल ह्या टेबलावरच्या चेंडूच्या खेळापासून ह्याची वंशावळ सांगतात. 1871 मध्ये माँटेग्यू रेडग्रेव्हनं स्प्रिंगच्या प्लंजरचं (ओढून सोडला की चेंडू ढकलणाऱ्या दांड्याचं) अमेरिकेत पेटंट घेतलं, 1931 मध्ये डेव्हिड गॉटलिबचं बॅफल बॉल नावाचं यंत्र गाजलं. पण चेंडू एकदा सुटला की खेळाडूनं फक्त बघायचं आणि फार तर पेटी हलवायची. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया ह्यांनी 1942 मध्ये हा जुगार ठरवून बंदी घातली आणि यंत्रं जप्त करून हातोड्यांनी फोडण्यात आली. फ्लिपर आले 1947 मध्ये, हम्प्टी डम्प्टी नावाच्या यंत्रात. म्हणजे बंदीला पाच वर्षं होऊन गेल्यावर खेळाडूच्या हातात काही आलं, आणि बंदी उठायला मात्र 1976 उजाडावं लागलं. त्या वर्षी रॉजर शार्प नावाच्या तरुणानं नगर परिषदेच्या लोकांसमोर प्लंजर ओढला, चेंडू वरच्या मधल्या वाटेनं जाईल म्हणून आधीच सांगितलं आणि तो गेला. हा कौशल्याचा खेळ आहे, हे पटवायला तेवढं पुरलं. त्यात नशीबही होतं, हे त्यानंच पुढे कबूल केलं. प्लंजर ओढलेल्या कुणालाही हे पटेल.

पेटी हलवण्यावर तोडगा म्हणून टिल्ट आला, 1930 च्या दशकात, हॅरी विल्यम्सच्या डोक्यातून. माझ्या पेटीत डाव्या हाताला एक लोलक लोंबतो, त्याच्याभोवती धातूचं कडं. यंत्राला फार धक्का दिला की लोलक कड्याला टेकतो आणि डाव बंद. लोलक किती खाली-वर लावायचा, हे मालकाच्या स्वभावावर. मी आधी शिस्तीचा लावला होता. मुलीनं पहिल्याच चेंडूला पेटीला कोपर मारलं आणि सगळे फ्लिपर मेले.

"आई, हे जरा जास्तच मनावर घेतंय."

"अगं, हळू हलवायचं असतं."

"हलवायचं असतं ना? मग?"

मुद्दा बरोबर होता. लोलक थोडा वर सरकवला. लोलक खाली निमुळता होत जातो, त्यामुळे वर सरकवला की कड्यात त्याचा बारीक भाग येतो आणि त्याला जास्त मोकळीक मिळते.

पण हे सगळं नंतरचं. दशकाच्या चक्रानं त्याआधी माझे तीन रविवार खाल्ले. सर्किटचा नकाशा जमिनीवर पसरून मी त्यावर रांगत होते. एक रिले उगाचच बदलला. मोटरवर संशय घेतला, तारांवर घेतला, आधीच्या दुरुस्ती करणाऱ्यावर तर मनसोक्त घेतला. कुणी केलं असेल हे सोल्डरिंग, हात थरथरत होते का, वगैरे.

तिसऱ्या रविवारी मुलगी टॉर्च घेऊन मागे बसली. मी प्रत्येक चक्र हातानं फिरवत शून्यावर आणत होते.

"ह्या तिघांमध्ये शून्यावर उजेड दिसतो," ती म्हणाली. "ह्यात नाही."

"कसला उजेड?"

"पत्त्यांच्या मधला गं. फट पडते ना, तिच्यातून."

मी वाकून पाहिलं. प्रत्येक चक्राला शून्यावर आल्याचं कळतं ते त्याच फटीतून. तिथे दोन पत्त्या विलग होतात, त्याचा वीजपुरवठा तुटतो आणि ते थांबतं. ह्याच्या पत्त्या शून्यावरसुद्धा चिकटून होत्या, त्यामुळे शून्य आल्याचं त्याला कळायचंच नाही. आणि त्या पत्तीवर कानशीचे ताजे, चकचकीत ओरखडे होते. अगदी सुरुवातीला, सगळे ठिपके लख्ख करायच्या उत्साहात, ती मीच घासून घासून वाकवली होती. आधीच्या दुरुस्ती करणाऱ्याची मनात माफी मागितली. पत्ती अर्धा मिलिमीटर मागे घेतली. दोन सेकंदांचं काम.

प्लग लावला. खट् खट् खट् खट्, आणि शांतता. शांतता म्हणजे काय असते, ते तीन रविवार मोटर ऐकलेल्या माणसालाच विचारावं. मग धप्प करून पहिला चेंडू बाहेर आला.

आता ते कपाटासमोरच उभं आहे, पायांच्या स्क्रूंनी साडेतीन अंशांचा उतार देऊन. आजची यंत्रं साडेसहा अंशांवर उभी असतात. तेवढा उतार ह्याला दिला की चेंडू धावतच सुटतो आणि ह्याचे बंपर (चेंडूला उडवून लावणारे खुंट) त्याला गाठू शकत नाहीत. दुसऱ्या खोलीत बसूनसुद्धा डाव कुठवर आलाय ते कळतं. दहाची घंटी बारीक, शंभराची जरा भरीव, हजाराची खर्जातली. काल संध्याकाळी मुलगी खेळत होती आणि मी हिशोबाची वही घेऊन बसले होते. टिंग टिंग टिंग, मग बंपर, मग फ्लिपरचे दोन फटके, मग पुन्हा टिंग. हजाराची घुमली. टिंग टिंग. वही तशीच ठेवून मी कान दिला. चेंडू पुन्हा वर गेला, बंपरांमध्ये सापडला, शतकाचं चक्र खट् खट् करत पुढे सरकलं.

"आई, शंभराची..."

"ऐकलं," मी म्हटलं आणि बारका स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठले.