‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कोणाच्या वावरात?

परतवाड्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि कपडे अंगाला चिकटले होते. अमरावतीपासून अंतर पन्नासेक किलोमीटरचं. वलगाव, आसेगाव करत एसटी पूर्णा नदी ओलांडते. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. रस्त्याच्या कडेला कपाशीची पहिली बोंडं फुटली होती, संत्र्याच्या बागांत अंबिया बहाराच्या फळांवर हिरव्यातून पिवळा उतरत होता. आणि जिकडेतिकडे सोंगलेलं सोयाबीन. कुठे वावरभर पसरलेलं, कुठे सुडी रचून ताडपत्रीखाली झाकलेलं. ऊन चटका देणारं, हवा मात्र कोंदट, पावसाळ्याची. उत्तरेला सातपुडा असायला हवा होता. तिथे नुसती राखाडी धूसर पट्टी दिसत होती.

मामांचं गाव धामणगाव गढीच्या अलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. दरवर्षी या दिवसांत जायचं ठरवते आणि राहून जातं. यंदा कोजागिरीच्या आधी दोन दिवस सुट्टी जमली. मामेभाऊ मोटरसायकल घेऊन आला. पहिलं वाक्य त्याचं, “ताई, बरं झालं आली. पण बाबाचं डोकं ठिकाणावर नाही. सुडी वावरात हाय आन् मळणीचं मशीन परवा येते.”

ओसरीवर मामा आकाशाकडे तोंड करून बसले होते. दक्षिणेला, अमरावतीच्या दिशेनं, ढगांचे मनोरे वर चढत होते. मी पाणी प्यायच्या आत त्यांनी विचारलं, “मोबाइल काय म्हणते तुहा?”

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज मी सकाळीच पाहिला होता. जिल्ह्याला पिवळा इशारा. तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, त्यानंतर हवामान कोरडं, किमान तापमानात घट. मी वाचून दाखवलं. मामांनी मान हलवली आणि म्हणाले, “तुरळक म्हंजे आमच्या वावरात, का शेजारच्या?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शब्दाचा अर्थ मात्र मला माहीत होता. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक’ हा मोघम शब्द नाही. त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक ठिकाणी, ५० टक्क्यांपर्यंत काही ठिकाणी, ७५ टक्क्यांपर्यंत बऱ्याच ठिकाणी, त्याहून जास्त असेल तर बहुतेक ठिकाणी. ‘हलका’ शब्दालाही माप आहे: दिवसाला २.५ ते १५.५ मिलिमीटर. त्यापुढे ६४.४ मिलिमीटरपर्यंत मध्यम. अंदाज लिहिणारा शब्द तोलूनच लिहितो. पण १५ मिलिमीटर हलका पाऊस ताडपत्री उडालेल्या सुडीवर पडला तर तो हलका राहत नाही. शेंग भिजते, दाणा फुगतो, दोन दिवस ऊन नाही मिळालं तर शेंगेतच कोंब फुटतो. तीन वर्षांपूर्वी मामांकडे असंच झालं होतं. फोनवर मामी बोलता बोलता थांबल्या होत्या, ते मला अजून आठवतं.

संध्याकाळी शेजारच्या अंगणात भुलाबाई बसलेली. ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव, आत भुलोजी आणि भुलाबाई, समोर पोरी टाळ्या पिटत गाणी म्हणत होत्या. भाद्रपद पौर्णिमेला मांडलेली भुलाबाई कोजागिरीला उठते, म्हणजे शेवटचे दोनच दिवस उरलेले. गाणी झाली की डबा हलवून दाखवायचा आणि खिरापत ओळखायला लावायची. एका पोरीनं ‘भिजवलेलं सोयाबीन’ असं उत्तर दिलं आणि सगळ्या हसल्या. मामा हसले नाहीत.

वीज पहिल्यांदा चमकली तेव्हा साडेआठ झाले होते. मामा लगेच चपला घालू लागले, ताडपत्रीच्या एका कोपऱ्यावरचा दगड कमी आहे म्हणून. मामेभावानं त्यांना दारातच धरलं. त्याच्या फोनवर दामिनी अॅप आहे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेनं ते बनवलं आहे, आणि जवळपास वीज पडत असली की ते सांगतं. त्यानं फोन पुढे केला, वीज गावाच्या अगदी जवळ पडत होती. उघड्या वावरातला माणूस अशा वेळी सगळ्यात उंच वस्तू असतो आणि झाडाखाली उभं राहणं त्याहून वाईट. विदर्भात दरवर्षी वावरात, निंबाखाली, बैलांजवळ माणसं जातात. हे मी मामांना मोठ्या आवाजात सांगितलं, इतक्या मोठ्या की नंतर मलाच कसंसं झालं. ते काही बोलले नाहीत, खाली बसले. पण त्यांचा हात अर्धा तास चपलेवरच होता.

वाऱ्याचा एक थंड झोत आला, पत्रे वाजले, वीसेक मिनिटं पाणी पडलं आणि ढग दक्षिणेकडे सरकले. मला वाटलं, आली थंडी. मामी म्हणाल्या, “हे ढगाचं वारं हाय. तासाभरात जाते.” आणि खरंच तसं झालं. वादळी ढगातून पडणारा पाऊस वाटेत हवा गार करतो, ती जड झालेली हवा जमिनीवर आदळून सगळीकडे पसरते. तो गारवा ढगाचा स्वतःचा, ऋतूचा नव्हे. दहा वाजता पुन्हा घामाच्या धारा लागल्या. पूर्वेला दोन-तीन किलोमीटरवरच्या गावात नाल्याला पाणी आल्याचा फोन आला. आमच्या अंगणात पागोळ्यासुद्धा धड पडल्या नव्हत्या. ‘तुरळक’ शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

सकाळी उठले ती मामांच्या हाकेनं. ते अंगणात उभे होते आणि चुलीच्या धुराकडे बोट दाखवत होते. काल संध्याकाळी हा धूर डोंगराच्या बाजूला वळत होता. आज तो डोंगराकडून गावाच्या खालच्या अंगाला, दक्षिणेला वाहत होता.

“वारा फिरला, बाई. आता नाही येत पाणी.”

मी उत्तरेकडे पाहिलं. कालची राखाडी पट्टी नव्हती. अख्खा सातपुडा अंगणात येऊन उभा राहिल्यासारखा दिसत होता, त्याची एकेक घडी, एकेक नाला, वरचा हिरवा आणि खालचा पिवळसर गवताचा पट्टा. हवेतली वाफ आणि धूळ गेली की डोंगर जवळ येतो. माझ्याजवळ लहानसा तापमापक असतो. आदल्या दिवशी पहाटे अमरावतीला त्यावर २४ होते, इथे आता २०.

आम्ही सगळे वावरात गेलो. ताडपत्री काढली तेव्हा आतून उबट वास आला, खालच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते. शेतकरी याला ताडपत्रीचा घाम म्हणतात. पावसापासून वाचलेली सुडी या घामानंही काळी पडते, बुरशी धरते. मामांनी वरचे थर हातानं उकलले, शेंगा चोळून पाहिल्या. आज दिवसभर उत्तरेचा वारा लागू द्यायचा, उद्या मशीन. मग मामेभावाला म्हणाले, “जा, तिले चिखलदऱ्याले घेऊन जा. इथं काय करते आता?”

धामणगाव गढी सोडली की घाट लागतो. साग, ऐन, मधूनच बांबू. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. चिखलदरा परतवाड्यापेक्षा सातशे-साडेसातशे मीटर वर आहे, म्हणजे चार-पाच अंश नुसत्या उंचीनं. पण त्या दिवशी घाटात लागलेला गारवा वेगळा होता. वळणावळणावर वारा समोरून यायचा, कोरडा, ओठ ओढणारा. मोथा गावापाशी थांबून चहा घेतला. गवळ्यांच्या घरांसमोर खव्याच्या भट्ट्यांचा धूर, तोही दक्षिणेला. चिखलदऱ्यात फारसं फिरलो नाही. देवी पॉइंटला गर्दी होती, रबडी घेतली, कॉफीची झाडं लांबून पाहिली आणि सरळ गाविलगडावर गेलो.

मला जायचं होतं तेही तिथेच. गडाच्या दक्षिण तटावरून वऱ्हाडचं मैदान पायाखाली पसरलेलं असतं. त्या दुपारी वर निखळ निळं आभाळ होतं. मेळघाटाकडून येणारा वारा पाठीवर होता. आणि दूर, अगदी क्षितिजावर, ढगांची एक सरळ रांग. काल रात्री जे आमच्यावर होतं ते आता तिथे, यवतमाळच्या अंगाला गेलं होतं. दोन हवांच्या मधली शीवच जणू कोणी आखून दिली होती. मी तासभर तिथे बसले. मामेभाऊ कंटाळला, पण काही बोलला नाही.

अशा शिवेला हवामानशास्त्रात आघाडी म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गन शहरात विल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी युद्धाच्या आघाड्या होत्या, शब्द तिथूनच घेतला. थंड हवा जड असते. ती पाचरीसारखी गरम हवेखाली शिरते, तिला वर उचलते, त्या रांगेवर ढग आणि गडगडाट होतो. शीत आघाडी पुढे गेली की वारा दिशा बदलतो, हवेचा दाब वाढतो, आभाळ मोकळं होतं आणि तापमान उतरतं. युरोपात हे काही तासांत घडतं.

आपल्याकडे अस्सल शीत आघाडी क्वचितच पोचते, हे सांगायला हवं. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात काश्मीर-हिमाचलावरून निघून जातात, पाऊस आणि बर्फ तिथेच टाकतात. त्यांच्या मागून जी थंड कोरडी हवा उत्तर भारताच्या मैदानात उतरते, ती राजस्थान, मध्य प्रदेश करत सातपुड्यापर्यंत येते. येईपर्यंत तिची धार बोथट झालेली असते. पण इकडे बंगालच्या उपसागराची दमट हवा अजून ठाण मांडून असेल, तर दोघींच्या गाठीवर ढग उभे राहतात. परतीच्या पावसातला गडगडाट कधीकधी याच गाठीचा. आमच्या लोकांनी त्याचा हिशेब नक्षत्रांवर ठेवला: हस्ताचा पाऊस गर्जत येतो, चित्रेत ऊन-पाणी, आणि स्वातीपर्यंत हात झटकून मोकळा.

मान्सूनच्या माघारीच्या ठरलेल्या तारखाही आहेत. पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबर, आणि १५ ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ सगळा देश. राजस्थानकडे माघार जाहीर करायची तर सलग पाच दिवस पाऊस थांबलेला, हवेतली वाफ घटलेली आणि खालच्या थरात वारे उलट फिरलेले लागतात. मामा तीच खूण चुलीच्या धुरावर पाहतात. मला या दोन पद्धतींत भांडण दिसत नाही. उपग्रहानं दोन दिवस आधी सांगितलं म्हणून सुडी झाकलेली होती, आणि धुरानं त्या सकाळी सांगितलं म्हणून ती उघडली. दोन्हींच्या मध्ये एक पोकळी मात्र आहे. जिल्ह्याचा अंदाज जिल्ह्याएवढा असतो आणि सुडी पंधरा फुटांची. मंगळवार-शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला गावात मामेभावासारख्या दोन-चार जणांनाच माहीत आहे. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहिला जायला हवा, ‘तुरळक’ म्हणजे चारातलं फार तर एक गाव असा अर्थ देऊन. मी हे मामेभावाला गडावर बोलून दाखवलं. तो म्हणाला, “लिहितो ना ताई. फळा रिकामाच असते.”

उतरताना एक विचार मनात आला. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा गड घेतला, तोफा डोंगरांतून ओढत आणून. ऑगस्टच्या चिखलात त्या घाटाखालीच रुतल्या असत्या. शेतकरी ज्या वाऱ्याची वाट पाहतो, सैन्यंही त्याचीच पाहत. दसऱ्याचं सीमोल्लंघन उगाच ठरलं नसावं.

रात्री मामींनी पहिल्यांदा गोधडी काढली. आभाळ इतकं स्वच्छ की चांदण्यात तुरीच्या ओळी मोजता येत होत्या. ढगांचं पांघरूण नसलं की जमीन रात्रभर आपली ऊब आभाळात सोडते आणि भुईलगतची हवा झरझर निवते. पहाटे तापमापकावर १७ होते, सगळं वावर दवानं पांढरं. मामी तुरीच्या झाडापाशी वाकून कळ्या पाहत होत्या. “दव चालते,” त्या म्हणाल्या, “धुवारी नाही पडली पायजे.” जमीन ओली आणि रात्र गार असली की दाट धुकं धरतं. फुलावर आलेली तूर त्यात फूल गाळते. एक पीक घरात येत नाही तोवर दुसऱ्याची काळजी सुरू झालेली असते. मामी उन्हाकडे तोंड करून कळ्यांवरचं दव बोटानं झटकत होत्या, एकेका झाडाचं.

मशीन आठला आलं आणि अकरापर्यंत उभं राहिलं. दव उडाल्याशिवाय शेंग फुटत नाही, दाणा चिरडतो. मशीनवाला घाई करत होता, त्याला पुढच्या गावात जायचं होतं. मामा हलले नाहीत. दर पंधरा मिनिटांनी सुडीत हात घालत आणि परत झाडाखाली येऊन बसत. बाजारात १२ टक्के ओलाव्याचा माल लागतो, वर गेला की भाव तुटतो. वावरात ओलावा मोजायचं यंत्र कुठलं असणार?

अकरा वाजून गेल्यावर वाऱ्यानं पुन्हा जोर धरला. मामांनी मुठीत चार शेंगा चोळल्या, फोलपट फुंकून उडवलं, एक दाणा मागच्या दाढेखाली धरला. ऐकू येईल असा कडकन आवाज झाला.

“लाव मशीन,” मामा म्हणाले.