आवळलेलं प्लास्टर

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

सकाळी टॉर्ट्सच्या, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याच्या कायद्याच्या, लेक्चरला सरांनी जोशी विरुद्ध गोडबोले हा खटला घेतला. माझ्या नोट्समध्ये त्याच्या जेमतेम चार ओळी होत्या, म्हणून चर्चगेटहून परतताना लोकलमध्ये मोबाईलवर अख्खा निकाल वाचायला काढला. अंधेरीला उतरायचं राहिलं, बोरिवलीहून मागे आले.

१९५३चा मे महिना. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर अपघात होऊन एका विशीतल्या मुलाच्या मांडीचं हाड मोडतं. पायाला फळ्या बांधून तीन दिवसांनी त्याला पुण्याला नेतात. तिथे पूर्ण भूल न देता, तीन मदतनिसांनी पाय ओढून हाड बसवलं. त्याच रात्री मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर, म्हणून निदान काय विचारायचं ते त्यांना ठाऊक होतं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला १९६८ साली. डॉक्टरने द्यायची भरपाई ३,००० रुपये.

रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना, उपचार निवडताना आणि तो करताना, अशी तिन्ही वेळी डॉक्टरने काळजी घ्यायला हवी, हे त्या निकालातलं सूत्र परीक्षेला हमखास येतं. मला मात्र पुढे बाबांचाच पाय दिसत राहिला.

मी दहावीत होते. बाबांच्या नडगीला प्लास्टर घातलं होतं. "फार आवळतंय, बोटं बधिर झालीत," असं ते रात्रभर सांगत होते. वॉर्डातल्या पोराचं उत्तर एकच, "प्लास्टर आहे काका, दुखणारच." सकाळी बोटं काळीनिळी. पाय वाचला, पण पंजा उचलता येईना. टेम्पो चालवणं कायमचं सुटलं.

इतकी वर्षं मी त्या डॉक्टरांना दोषी धरून बसले होते. आता कळतंय, मोडलेला पाय नीट घातलेल्या प्लास्टरमध्येही सुजतो. नुसता परिणाम वाईट झाला म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर अवघड केस कोण हातात घेईल? खरा प्रश्न त्या रात्रीचा आहे. तक्रार केल्यावर पाय कोणी पाहिला, किती वाजता, प्लास्टर लगेच का कापलं नाही? ते सगळं नर्सिंगच्या नोंदींत असणार. मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड. ग्राहक आयोगात जायची दोन वर्षांची मुदत तर केव्हाच संपली.

जेवताना बाबांना पहिल्यांदाच नीट विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दोन वाजता त्या पोराला तिसरी हाक मारली. अख्ख्या वॉर्डला तो एकटाच होता गं."

वहीत लिहून ठेवलं. रात्री दोन. तिसरी हाक. वॉर्डात एकच माणूस.