ग्रुप फुल होता

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक. गाव मिरज तालुक्यात, कृष्णेकाठी. दाखले, उतारे, ऑनलाइन अर्ज हे रोजचं काम. पुराचं काम मला कुणी दिलेलं नव्हतं.

पावसाळ्यात आमच्याकडं एकच चौकशी, "आयर्विनला किती?" सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोक्याची. पण 43 म्हणजे आपल्या गोठ्यात पाणी का नाही, हे त्यावरून कुणाला कळतंय? 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं. ओसरल्यावर भिंतींवर गाळाची रेघ राहिली. तात्यांना सोबत घेऊन टेपनं ती घरोघर मोजली. रेघ उंबऱ्यापासून सहा फूट वर असेल, तर आयर्विनला 51 झाले की त्या उंबऱ्याला पाणी. साधी एक्सेल शीट. तात्या म्हणाले, "ओढ्याकडच्या घरांना दोन फूट आधीच धर. फूग तिकडनं येती." नदीचं पाणी आमच्याकडं ओढ्यातून उलटं चढतं, हे कुठल्या ॲपमध्ये लिहिलेलं नसतं.

जुलै 2021. रात्री गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: "44 होतंय. ओढ्याकडच्या नऊ घरांनी जनावरं आत्ताच हलवा." भराभर अंगठे आले. खरं सांगतो, मनातून फुशारलोच होतो.

दोनला तात्या बॅटरी घेऊन दारात. "खालच्या मळ्यातली मावशी कुठाय?"

शीटमध्ये मळ्यातलं खोपट नव्हतंच. तिथं रेघ राहायला भिंत कुठली? ग्रुपवरही मावशी नव्हती. तिच्याकडं बटणाचा फोन. शेजारच्या वस्तीवरचा पोरगा ग्रुपवर घ्या म्हणून मागं लागला होता, पण तेव्हा ग्रुपला 256 ची मर्यादा, आणि आमचा फुल. एकेका घरातले तिघे-तिघे भाऊ त्यात. "कुणी बाहेर पडलं की घेतो," म्हणून मी टोलवलं होतं.

ट्रॅक्टर घेऊन गेलो. पाणंदीला गुडघाभर पाणी. मावशी बाजेवर, शेजारी जोंधळ्याचं पोतं, मांडीत शेरडाचं पिल्लू.

"फोन लावायचा की गं," मी म्हणालो.

"आन् मला कोण लावतंय?"

सकाळी शाळेत, पूरग्रस्तांच्या गर्दीतच लॅपटॉप उघडून शीटमध्ये दोन रकाने वाढवले: 'व्हॉट्सॲप नाही' आणि 'हाक कोण मारणार'. देवळाच्या भोंग्यावरून आकडा सांगायचंही त्याच दिवशी सुरू केलं.

कोंबड्या मात्र खोपटातच राहिल्या. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.